मदत हवी आहे: एनआयएचची पहिली ग्रँट, छोटी आर२१ टाकू की थेट मोठी आर०१? (विषय: विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट)

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत पब्लिक हेल्थ, एपिडेमिऑलॉजीवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी आयोवातल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत असिस्टंट प्रोफेसर आहे, पीएचडीला सहा वर्षं झाली, आणि आता एनआयईएचएसकडे, म्हणजे एनआयएच या अमेरिकन सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पर्यावरण-आरोग्यवाल्या इन्स्टिट्यूटकडे, पहिला अर्ज टाकायचाय. ऑक्टोबरची सायकल डोक्यात आहे.

विषय असा. आयोवात जिकडे बघाल तिकडे मका आणि सोयाबीन, मक्याला भरपूर नायट्रोजन खत, जमिनीखाली टाइल ड्रेनेजचे पाइप, आणि चांगला पाऊस झाला की ते सगळं नायट्रेट ओढ्या-नद्यांत आणि उथळ विहिरींत. शहराच्या पाण्याला १९७४ चा सेफ ड्रिंकिंग वॉटर अ‍ॅक्ट लागू आहे, नायट्रोजन म्हणून मोजलं तर लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण घरच्या खाजगी विहिरीला तो कायदा लागूच नाही. ज्याची विहीर त्याने बघायचं. आणि ही १० ची मर्यादा आली तान्ह्या बाळांच्या ब्लू बेबी सिंड्रोमवरून (नायट्रेटमुळे रक्त पुरेसा ऑक्सिजन नेऊ शकत नाही, बाळ निळसर पडतं), ज्याचा पहिला रिपोर्ट १९४५ साली इथे आयोवातूनच आला. गरोदर बाईच्या थायरॉइडचा त्यात विचारच नाही. नायट्रेट थायरॉइडमध्ये जाणाऱ्या आयोडाइडची वाट अडवतं हे माहीत आहे, पण १० च्या आत, समजा पाच-सातला, गरोदरपणात टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनवर, काय फरक पडतो ते मला बघायचंय.

काउंटीतल्या नर्ससोबत काही घरी जाऊन आले. एका घरी विहीर अगदी मक्याच्या बांधाला लागून, नळाच्या पाण्यात नायट्रेट तपासायची स्ट्रिप बुडवली आणि मिनिटभरात गडद गुलाबी, म्हणजे नायट्रेट भरपूर. ओट्यावर बाळाच्या पावडरचा डबा उघडा होता आणि त्या बाई तेच पाणी चांगलं खळखळून उकळून दुधाला घेत होत्या, कारण त्यांना वाटत होतं उकळलं की झालं. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. आरओने जातं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मला अभ्यासात घरोघरी रिझल्ट परत देणं हवंच आहे, पेपर छापून मोकळं व्हायचं नाहीये.

आता प्रश्न. आर२१ ला दोन वर्षांत मिळून २ लाख ७५ हजार डॉलर डायरेक्ट कॉस्ट (संशोधनाचा थेट खर्च), प्रिलिमिनरी म्हणजे आधीचा प्राथमिक डेटा लागत नाही, पण सहा पानांत हे सगळं बसवायचं कसं? आर०१ ला बारा पानं, पाच वर्षं, पण माझ्याकडे डेटा म्हणावा असा नाही. आमची युनिव्हर्सिटी आर१५ ला, म्हणजे एनआयएचचा फार निधी न मिळणाऱ्या संस्थांसाठीच्या ग्रँटला, पण पात्र आहे. आर२१ मिळालं तर ईएसआय (नवोदित संशोधक) स्टेटस जातं असं एक सिनियर म्हणाले, खरंय का? रिझल्ट परत देणं हे स्पेसिफिक एम्समध्ये, म्हणजे अर्जातल्या उद्दिष्टांच्या पानात, घालावं का, की रिव्ह्यूअर म्हणतील ही तर समाजसेवा झाली? आणि शेवटचं, माझं माहेर यवतमाळकडचं, तिकडच्या विहिरींतही नायट्रेटचा प्रश्न आहे, तर विदर्भातली तुलना जोडावी असं फार मनात आहे.

ज्यांनी अर्ज केलाय, किंवा पॅनलवर बसलेत, त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद: पैलतीर

ताई, ईएसआय जात नाही. आर२१, आर१५ किंवा आर०३ सारखी छोटी ग्रँट घेतली तरी राहतं, पीएचडीपासून दहा वर्षांची मुदत तेवढी सांभाळा. तुमच्याकडे चार वर्षं आहेत म्हणजे आत्ता आर२१, त्यातून येणाऱ्या डेटावर आर०१, असा रस्ता मला सरळ दिसतो. फक्त आर२१ रिन्यू होत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षीच पुढचं लिहायला घ्या. आर१५ मध्ये विद्यार्थ्यांना रिसर्चमध्ये घेणं हा गाभा असतो, तुमच्याकडे अंडरग्रॅड मुलं फील्डवर येणार असतील तर तेही वाईट नाही.

पण आधी एक करा. एक पानाचं स्पेसिफिक एम्स लिहा आणि एनआयईएचएसमध्ये तुमचा विषय सांभाळणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरला मेल करा. कोण ते कळत नसेल तर एनआयएच रिपोर्टर या ग्रँट शोधायच्या वेबसाइटवरचं मॅचमेकर उघडून तुमचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट पेस्ट करा, तसली प्रोजेक्ट्स आणि ऑफिसर दोन्ही निघतात. फोनवर अर्धा तास बोललात की आर२१ की आर१५ हे तिथेच सुटेल. नवीन आर२१ ची तारीख १६ ऑक्टोबर, संध्याकाळी पाच, पण शेवटच्या दिवशी बसू नका. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसने सबमिट केल्यावर फाइल तपासायला दोन वर्किंग डे मिळतात, ते हाताशी ठेवा.

प्रतिसाद: रानपाखरू

मी रिव्ह्यूला बसलेय. रिझल्ट परत देणं एम्समध्ये नक्की घाला, पण मोजता येईल असं घाला. म्हणजे रिपोर्ट मिळाल्यावर किती घरांनी पाणी बदललं किंवा आरओ बसवलं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा स्ट्रिप. मग ते समाजसेवा न राहता संशोधन होतं. जानेवारी २०२५ पासून स्कोअरिंग पण बदललंय, महत्त्व आणि काटेकोरपणा-शक्यता यांनाच आकडे पडतात, टीम आणि सोयीसुविधा पुरेशा आहेत की नाही एवढंच बघतात, छोट्या युनिव्हर्सिटीला हे बरंच. युनिव्हर्सिटी ऑफ आयोवात एनआयईएचएसच्या निधीवर चालणारं कोअर सेंटर आहे, त्यांच्याशी बोला, लेटर ऑफ सपोर्टने फरक पडतो.

शेतकरी बिचकतील की रिझल्ट बाहेर गेला तर जमिनीची किंमत पडेल. एनआयएचच्या पैशातल्या अशा अभ्यासाला सर्टिफिकेट ऑफ कॉन्फिडेन्शियलिटी, म्हणजे सहभागींची ओळख-माहिती बाहेर न देण्याचं कायदेशीर संरक्षण, आपोआप मिळतं, ते संमतीपत्रात साध्या भाषेत लिहा.

विदर्भ मात्र या अर्जात नको. मे २०२५ मध्ये एनआयएचने परदेशी सबअवॉर्डची, म्हणजे ग्रँटमधला वाटा परदेशी संस्थेला देण्याची, जुनी पद्धत थांबवली, शिवाय भारतातून आरोग्य मंत्रालयाच्या, आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी लागते, दोन वर्षांच्या आर२१ मध्ये हे झेपणार नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करा.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. विदर्भ काढायला जीव होत नाहीये पण पटलं. आर२१ चं ठरवलं, आज रात्री एम्सचं पान लिहायला बसते. कुणी कच्चा ड्राफ्ट वाचून देईल का? व्यनि करा.