मदत हवी आहे: एआय एजंटला डेटाबेसच्या टेबलातल्या ओळी आणून देणाऱ्या टूलचं वर्णन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. उरणकडच्या एका कंटेनर यार्डाचा डेटाबेस आम्ही सांभाळतो. अमुक कंटेनर आत आला का, तमुक शिपिंग लाइनचे किती बाहेर गेले, हे तिथल्या ऑफिसला दिवसभर लागतं, म्हणून एआय एजंट, म्हणजे स्वतः टूल्स बोलावून उत्तर शोधणारं भाषेचं मॉडेल, बसवतोय. त्याला थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, लिहू देत नाही. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फक्त वाचायचा हक्क असलेला वेगळा रोल (वापरकर्त्याचं खातं) आहे आणि त्यावर दोन टूल्स, म्हणजे एजंटला बोलावता येतील अशी फंक्शन्स: एक टेबलांची यादी देतं, दुसरं टेबलाचं नाव, कॉलम आणि अटी घेऊन १०० पर्यंत ओळी आणतं. जोडणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने, म्हणजे मॉडेल आणि टूल्स जोडायचा जो खुला प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला तो.

कोड चालतोय, अडलंय डॉक्युमेंटेशनपाशी. एजंटला टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (काय काय कोणत्या रूपात भरायचं त्याचा साचा) एवढंच दिसतं. हे टूल वापरायचं की नाही आणि त्यात काय भरायचं, ते त्यावरूनच तो ठरवतो. यार्डातल्या माणसाला जे सवयीने माहीत असतं, ते त्याला कुठूनच कळत नाही.

वेळेचंच घ्या. गेट-इनची, म्हणजे कंटेनर आत आल्याची वेळ टाइमझोनसकट साठवलेली आहे, पण सेशन (डेटाबेसशी चालू असलेली जोडणी) यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतं. ‘आज किती आले’ विचारलं की एजंट आजची तारीख टाकतो, आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. ट्रेलर तर रात्रभर येत असतात. मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतचे सगळे कालच्या खात्यात जातात, आणि एजंट आकडा सांगतो तो अगदी ठामपणे. यार्डाचं बिल अशा आकड्यांवर निघतं, म्हणून मला हे फार खटकतंय.

गेट-आउटचा कॉलम रिकामा असला तर कंटेनर अजून यार्डातच आहे. एजंट म्हणतो, माहिती उपलब्ध नाही. कंटेनर नंबर ११ जागांचा, म्हणजे चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी पडताळणीचा अंक. आमच्या टेबलात तो सलग आहे, लोक मात्र मध्ये स्पेस किंवा डॅश देऊन विचारतात. शिवाय ‘किती’ म्हणजे नग की टीईयू? २० फुटी कंटेनर एक टीईयू, ४० फुटी दोन. गेटवरचे नग मोजतात, मॅनेजर टीईयूत बोलतात.

हे सगळं लिहायचं कुठे? आमचे सीनियर म्हणतात, टूलच्या वर्णनातच घाल. पण ते वर्णन प्रत्येक संवादात मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते वाचतं त्या मजकुरात, जातं; सगळ्या टेबलांची गाथा तिथे घातली तर प्रत्येक प्रश्नाला तेवढे टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते तुकडे) जळणार. मला वाटतं, कॉलमचा अर्थ डेटाबेसमध्येच ‘कॉमेंट ऑन कॉलम’ या कॉलमला टीप जोडणाऱ्या आज्ञेने लिहावा आणि यादीच्या टूलने तो सोबत द्यावा. कॉलम बदलणारा माणूस कॉमेंटही तिथल्या तिथे बदलेल. अडचण अशी की एजंट कधीकधी यादी न मागताच टेबलाचं नाव अंदाजाने ठोकून देतो.

सध्याचं वर्णन: ‘यार्डाच्या डेटाबेसमधल्या एका टेबलातल्या ओळी आणते. फक्त वाचन.’ यात काय वाढवाल? कोणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमची दिशा बरोबर आहे. टूल केव्हा वापरावं, केव्हा वापरू नये आणि मर्यादा काय, हे वर्णनात. टेबलापुरतं जे आहे ते कॉमेंटमध्ये. पण टाइमझोनचं डॉक्युमेंटेशन लिहूच नका. त्या रोलला ‘एशिया/कोलकाता’ हा भारतीय वेळेचा टाइमझोन लावून टाका, प्रश्न मिटला. कंटेनर नंबरमधले स्पेस आणि डॅशही टूलनेच काढावेत. कोडमध्ये होण्यासारखं काम वाचणाऱ्यावर सोपवू नये, मग वाचणारा माणूस असो की मॉडेल.

अंदाजाने नाव टाकण्यावर उपाय एरर मेसेजमध्ये आहे. ‘टेबल सापडले नाही’ एवढ्यावर थांबू नका. जवळची नावं द्या आणि आधी यादी मागायला सांगा. हा मजकूर निकालातच, ‘इझ-एरर’ ही चूक झाल्याची खूण ‘खरं’ करून पाठवा. मॉडेलला तो दिसतो आणि पुढच्या कॉलला ते स्वतःच सुधारतं.

प्रतिसाद २

१०० ओळींवर निकाल कापला गेला, हे निकालातच लिहून येतं का? नसेल तर एजंट ओळी मोजून ‘१०० कंटेनर’ सांगेल. मुळात मोजणीसाठी ओळी आणायच्याच कशाला? मोजणीचं वेगळं टूल द्या, नग की टीईयू हा त्याचा सक्तीचा पॅरामीटर ठेवा, आणि ओळी आणणाऱ्या टूलच्या वर्णनात लिहा: मोजणीसाठी हे वापरू नये.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रोलचा टाइमझोन बदलला, मोजणीचं टूल आज लिहायला घेतोय. एक प्रश्न उरतो. वर्णनातलं एखादं वाक्य बदललं की दुसरीकडचं उत्तर बिघडत नाही ना, हे कसं तपासता? गेटवरच्या मंडळींनी खरोखर विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवतोय. प्रत्येक बदलानंतर ते सगळे चालवून, एजंटने कोणतं टूल कोणत्या अटींनी बोलावलं ते ताडून बघायचा विचार आहे. नुसतं अंतिम उत्तर ताडलेलं पुरतं की मधले कॉलही ताडावे लागतात?