'लायसन्सी'ला मराठीत काय म्हणायचं? 'भाडेकरू' का चालत नाही?

अनुवादिनी:
पुण्यात माझ्या मावशीचा रस्त्यालगत दुकानगाळा आहे. तो एका औषधवाल्याला पाच वर्षांसाठी 'लीव्ह अँड लायसन्स'वर द्यायचाय, म्हणजे औषधवाला झाला 'लायसन्सी'. मसुदा इंग्रजीत, म्हणून मावशीसाठी तर्जुमा मी केला. त्यात सगळीकडे 'भाडेकरू' लिहिलं होतं. वकिलांनी एकूण एक खोडले. 'भाडं' जाऊन 'मोबदला' आला, 'ताबा' जाऊन 'वापर'. आपल्याकडे लहानथोर सगळे या माणसाला भाडेकरूच म्हणतात. मग कागदावर काय म्हणायचं? लायसन्सला 'अनुज्ञप्ती', म्हणून लायसन्सीला 'अनुज्ञप्तीधारक', हे वाचून मावशीने विचारलं, "हा कोण आणि माझ्या गाळ्यात कशाला?"

जुनीफाईल:
ताई, वकिलांनी खोडलं ते बरोबर केलं. भाडेपट्टा येतो 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम 105. त्यात जागेतला हक्क काही काळासाठी समोरच्याकडे जातो. लायसन्स येतं त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात, कलम 52. तिथे हक्क जात नाही, नुसती मुभा मिळते. मुंबईकर मालक या फरकाला इतके का घाबरतात, तर 1973 साली मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेले लोक थेट संरक्षित भाडेकरू ठरले. पुढे पिढ्यान् पिढ्या ती जागा सुटली नाही. 'भाडेकरू' या चार अक्षरांमागे एवढा इतिहास आहे.

शब्दवेल्हाळ:
'अनुज्ञप्ती'ला नाकं मुरडू नका. आरटीओत 'शिकाऊ अनुज्ञप्ती' म्हणतातच, आणि 'परवाना' तिथे परमिटला राखून ठेवलाय. दोन वस्तूंना दोन शब्द असावेत. आपण वापरला नाही तर शब्द रुळणार कसा?

पेठकर:
वाहन चालवायची अनुज्ञप्ती सरकार देतं. इथे मावशी देतेय. मावशी कुणाला अनुज्ञप्ती देईल असं मला वाटत नाही, ती 'वापरायला देते'. 'परवाना'ही सरकारीच वाटतो. सरळ 'लायसन्सी' लिहा. डिपॉझिट, गाळा, ब्रोकर चालतात तर हाही चालेल. कागद ज्याच्यासाठी आहे त्याला तो कळला पाहिजे.

शब्दवेल्हाळ:
डिपॉझिटला 'अनामत' हा उत्तम शब्द असताना डिपॉझिट का? आणि 'अनामत'ही अरबी, म्हणजे मी संस्कृतचाच हट्ट धरतोय असं समजू नका. माझा राग आळसावर आहे.

दस्तलेखकाचा_नातू:
आजोबा तालुक्याला दस्त लिहीत. त्यांच्या कागदात मालक नाही, कूळ नाही, भाडेकरू नाही. पहिल्या पानावर 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार', पुढे शेवटपर्यंत तेच. खरेदीखत असो, गहाणखत असो की साठेखत. तुमच्या कामाला हेच घ्या. मावशी लिहून देणार, औषधवाला लिहून घेणार. फक्त 'वहिवाट' हा शब्द चुकूनही घालू नका. बोलताना 'वापर'सारखाच वाटतो, पण कोर्टात वहिवाट म्हटलं की हक्काची गोष्ट सुरू होते.

अनुवादिनी:
हे फार आवडलं. पण 'लिहून घेणार' दस्तातच शोभतं. मावशी शेजारणीला काय सांगेल, "माझा लिहून घेणार आलाय"?

जुनीफाईल:
शेजारणीला भाडेकरू सांगू दे, कागदावर नको. पण निव्वळ शब्दाने सुटका होत नाही, हेही लक्षात घ्या. 1959 साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या केशकर्तनवाल्याचं प्रकरण होतं. कागदात लायसन्स म्हटलेलं, तरी बहुमताने तो भाडेपट्टा ठरला, कारण जागेचा पूर्ण कब्जा त्याच्याकडे होता. शब्दापेक्षा व्यवहार काय झाला ते बघतात. म्हणून 'ताबा' खोडला.
आणि पाच वर्षंच का? साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने लागतं, त्यापुढे भाडेपट्ट्याच्या दराने.

पेठकर:
अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही ना? मग पाच वर्षांची भानगड कशाला?

जुनीफाईल:
महाराष्ट्रात लागते. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 मुदत बघत नाही. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि जबाबदारी जागामालकाची. अकरा महिन्यांची सवय नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या अटीवरून पडली, ती इथे उपयोगाची नाही. मावशीला नोंदणी करायलाच लावा.

म्हापसेकर:
गोव्यात याला जवळचा शब्द आहे, 'मुंडकार'. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारा. संमतीनेच, पण 1975 च्या कायद्याने त्याला सहज काढता येत नाही असं झालं. जुनीफाईलनी सांगितलेल्या 1973 शी किती जुळतंय बघा. दुकानाला तो शब्द लागू नाही, हे मान्य.

गिरगावकर:
मुंबईत या सगळ्याचं मूळ पागडीत आहे, म्हणजे जागा भाड्याने घेताना भाड्याशिवाय द्यायच्या एकरकमी पैशात. आमच्या चाळीखालचे सगळे गाळे पागडीचे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात मालकाने पागडी घेणं गुन्हा होता, 1999 च्या कायद्याने ती उघड घेता येऊ लागली. मी ऐकलंय की जुना भाडेकरू नव्याच्या डोक्यावर पगडी ठेवायचा, त्यावरून शब्द आला.

शब्दवेल्हाळ:
पटत नाही. डोक्यावरची ती 'पगडी', गाळ्याची ती 'पागडी', मधला 'आ' कुठून आला? मला मूळ 'पाग' वाटतं, म्हणजे पागोटं. मालकाला मान म्हणून पागोट्याची रक्कम द्यायची, जसा अधिकाऱ्याला नजराणा.

दस्तलेखकाचा_नातू:
कोलकात्यात तिलाच 'सलामी' म्हणतात. मान देण्याचीच कल्पना दोन्हीकडे दिसते. शब्दवेल्हाळांच्या बाजूने एक मत.

गिरगावकर:
पण मग 'पगडी सिस्टिम' असंही सर्रास म्हणतात, तिथे 'आ' नाही. जुन्या पावत्यांत शोधलं पाहिजे.

पेठकर:
पावत्यांत कसा मिळणार? गुन्हा होता तेव्हा पावती कोण देत होतं?

अनुवादिनी:
मंडळी, उद्या मसुदा द्यायचाय. 'लिहून घेणार' ठेवते आहे. 'मोबदला' की 'परवाना शुल्क', एवढं तरी कुणी सांगा.

गिरगावकर:
'पाग'वरून आठवलं, 'पागा'चा काही संबंध असेल का?