स्पितीत गावातल्या घरी राहायचंय, आईला नेऊ का?

इंदूरकर_मी: सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरतंय, हॉटेल नको, लांगझा नाहीतर डेमुलला गावातल्याच कुणाच्या घरी राहायचंय. आई पासष्टची आहे, झेपेल का तिला?

पलासियावाली: झेपेल, पण मनालीकडून एकदम वर चढू नका, शिमला-किन्नौरकडून कल्पा, ताबो असं थांबत जा, मग काझा, स्पितीतलं मुख्य गाव. लांगझा जवळपास ४४०० मीटरवर आहे, डोकं ठणकतं. आधी डॉक्टरांना विचाराच.

भटकभवानी: गुडघ्यांचं बघा आधी! तिकडे संडास कोरडे, उकिडवं बसायचं, पाणी ओतायचं नाही, झालं की फावड्याने माती-राख भोकात ढकलायची, तेच पुढे शेतात खत म्हणून जातं, पाणी इतकं कमी असतं तिथे की हीच पद्धत बरोबर आहे. आणि डेमुलला पाहुणे घरोघरी पाळीपाळीने देतात म्हणजे सगळ्यांना कमाई होते, तेव्हा अमुकच घर हवं असा हट्ट नको प्लीज. स्वयंपाकघरात चुलीजवळ बसा, थुक्पा (नूडल्सचं गरम सूप) मस्त.

इंदूरकर_मी: आई म्हणते बसता येतं! शेव नेऊ ना तिथल्या घरच्यांना?

भटकभवानी: न्या की, लवंगवाली. रोख मात्र काझ्यातच काढून ठेवा, वर एटीएम नाही.