चर्चा: महिला अधिकाऱ्यांना बढतीत नव्हे, नेमणुकीत प्राधान्य हवं

मधली_ओळ

३० जून २०२४ ला सुजाता सौनिक महाराष्ट्राच्या मुख्य सचिव झाल्या. राज्य स्थापन झालं १९६० साली. या खुर्चीवर पहिली बाई बसायला चौसष्ट वर्षं लागली. त्याच वर्षी जानेवारीत रश्मी शुक्ला पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या होत्या. अभिनंदनाचे संदेश फिरले, आणि विषय संपला असं बहुतेकांनी धरून टाकलं. माझ्या मते तो संपलेला नाही.

१९९४ च्या महिला धोरणापासून राज्याच्या भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या आतलंच) आहे. त्या वेळी पंचविशीत नोकरीला लागलेली मुलगी आज निवृत्तीच्या दारात आहे. म्हणजे 'थोडं थांबा, खालून बायका येताहेत, आपोआप वर जातील' या युक्तिवादाला एक अख्खी पिढी देऊन झाली. आता कुठल्याही जिल्ह्यातल्या खातेप्रमुखांच्या बैठकीचा फोटो बघा. डाव्या कोपऱ्यात महिला व बालविकास, त्यांच्या शेजारी फार तर शिक्षण किंवा आरोग्य. बांधकाम, पाटबंधारे, महसूल, पोलीस यांच्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते सांगायला नको.

माझं म्हणणं असं, की गळती बढतीच्या टेबलावर होत नाही. बढती ज्येष्ठतेने होते, विभागीय पदोन्नती समिती सहसा यादी फारशी हलवत नाही. गळती होते सेवेच्या पाचव्या ते पंधराव्या वर्षात, जेव्हा कार्यकारी पद कोणाला आणि अकार्यकारी कोणाला हे ठरतं. तालुका, उपविभाग, नगरपालिका, प्रकल्प हे ज्यांनी सांभाळलं त्यांचे गोपनीय अहवाल वजनदार होतात. प्रशिक्षण, सांख्यिकी, चौकशा, न्यायालयीन प्रकरणं यांत वर्षं घालवलेल्या माणसाची हुशारी कागदावर दिसतच नाही. पुढे मोठी जबाबदारी द्यायची वेळ आली की 'फील्डचा अनुभव नाही' हा शेरा तयार असतो. अनुभव नाही, कारण दिला नाही. दिला नाही, कारण आधीचा नाही.

हे आजचं नाही. ॲना राजम १९५१ मध्ये आयएएसमध्ये आल्या, पहिल्या महिला अधिकारी. त्यांना मद्रास राज्यात जिल्ह्याऐवजी सचिवालयात बसायला सुचवलं गेलं. त्या अडून बसल्या, तेव्हा होसूरला सब-कलेक्टर म्हणून गेल्या. पुढे न्हावाशेवा बंदर उभं करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या याच ॲना, लग्नानंतरच्या ॲना मल्होत्रा. त्या वेळी मुकाट सचिवालयात गेल्या असत्या तर बंदर त्यांच्या हाती कोणी दिलं असतं?

म्हणून प्रस्ताव: बढतीत आरक्षण नको. प्रत्येक महसुली विभागात कार्यकारी पदांपैकी किमान एक तृतीयांश पदांवर महिला असाव्यात, आणि नसतील तर का नाहीत ते बदल्या-नेमणुकांची शिफारस करणाऱ्या आस्थापना मंडळाने लेखी नोंदवावं. बोला.

जुनी_आस्थापना

मी आयुष्यभर आस्थापना शाखेत बदल्यांचे तक्ते केले, म्हणून थोडं कडू बोलतो. तक्त्यात एक रकाना असतो, 'विनंती'. त्यात सर्वात जास्त कोणाचे अर्ज असतात? पती-पत्नी एकत्रीकरण (नोकरीतल्या नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नेमणूक), मुलाची दहावी, सासूबाईंचं आजारपण. आणि अर्जात मागितलेलं काय असतं? जिल्ह्याच्या ठिकाणचं, कार्यालयीन वेळेचं पद. तुम्ही म्हणता अकार्यकारी पद 'दिलं' जातं. अहो, मागून घेतलं जातं! २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात तीन वर्षांचा कार्यकाळ सगळ्यांना सारखा आहे. तो मोडून लवकर बदली मागणाऱ्यांत महिला कमी नव्हत्या.

आणि त्यांची सोय होते तेव्हा गैरसोय कोणाची होते? गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या जागा रिकाम्या ठेवता येत नाहीत. तिथे जातो तो माणूस, ज्याची बायको नोकरी करत नाही म्हणून त्याला एकत्रीकरण लागू नाही. त्याच्याही मुलाची दहावी असते. आता तुमचं एक तृतीयांश आलं की पुण्याजवळचा उपविभागही त्याच्या हातून जाणार.

खडूस_काका

जुन्या आस्थापनाशी सहमत. शिवाय एक साधा प्रश्न. २०२२ च्या लोकसेवा परीक्षेत पहिले चारही क्रमांक मुलींचे होते. ज्या मुली देशात पहिल्या येतात त्यांना कुबड्या कशाला? अशा प्राधान्याने नुकसान त्यांचंच. उद्या एखादी बाई उत्तम काम करून आयुक्त झाली, तरी चहाच्या टपरीवर माणसं म्हणणार, 'कोट्यातली आहे.' चांगल्या बाईला बट्टा लावायचा असेल तर खुशाल करा.

तालुक्याची_मॅडम

काका, टपरीवर आत्ताही म्हणतात. फक्त शब्द वेगळे असतात, इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यामुळे त्या भीतीने आम्ही थांबणार नाही.

जुनी_आस्थापना साहेबांच्या 'विनंती'च्या रकान्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण मी त्या रकान्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे. एका जिल्ह्यात माझी नेमणूक व्हायची होती. यादीत माझ्या नावासमोर पेन्सिलीने 'लहान मूल' असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या खालच्या ओळीतल्या सहकाऱ्याची मुलगी माझ्या मुलापेक्षा लहान होती, त्याच्यासमोर पेन्सिल चालली नव्हती. मग मला बोलावून प्रेमाने विचारलं, "मॅडम, त्या तालुक्यात वाळूचं फार आहे, रात्री-अपरात्री धाडी टाकाव्या लागतात, तुम्हाला जमेल का? नाहीतर इथे सामान्य प्रशासनात एक चांगली जागा आहे." मी 'जमेल' म्हटलं तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर आली ती नाराजी होती. 'बघू' म्हणाले. आदेश सामान्य प्रशासनाचा निघाला आणि कागदावर कारण आलं: 'विनंतीनुसार'. मी विनंती केलेली नव्हती. तो रकाना पुरावा म्हणून वापरताना हे लक्षात असू द्या.

(दुसऱ्या तालुक्यात नंतर धाडी टाकल्या. पहाटे तीनला नदीपात्रात उभं राहायला पुरुषांनाही आवडत नाही. ट्रॅक्टर अंगावर घालणारा चालक समोर बाई आहे की बाप्या हे बघत नाही.)

अजून एक गोष्ट, जी कोणत्याच शासन निर्णयात दिसणार नाही. अतिरिक्त कार्यभार. शेजारचा तालुका, एखादी नगरपालिका, एखादी भूसंपादनाची शाखा रिकामी झाली की तिचा कार्यभार दिला जातो. त्यासाठी ना समुपदेशन (बोलावून पसंतीची जागा विचारणं), ना ज्येष्ठता यादी. संध्याकाळी सातला साहेबांच्या केबिनमध्ये जो बसलेला असतो त्याचं नाव लागतं. सातला तिथे कोण बसलेलं असतं? अशा कार्यभारातूनच माणूस तयार होतो आणि वरिष्ठांच्या डोळ्यांत भरतो. मला प्राधान्य नको, मला ही सातची यादी कागदावर यायला हवी आहे.

आणि स्वच्छतागृहाबद्दल लिहू का? दिवसभराच्या पाहणी दौऱ्यावर पाणी कमी पिणं हा आमचा अलिखित सेवानियम आहे. एवढंच पुरे.

वकीलबुवा

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी, मग भांडा.

एक, महिलांसाठी विशेष तरतूद संविधानाच्या अनुच्छेद १५(३) मध्ये आहे. भरतीतलं ३० टक्के प्राधान्य सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध विजयकुमार या खटल्यात याच आधारावर मान्य केलं. बढतीतलं आरक्षण हे वेगळं आणि न्यायालयात अडकलेलं प्रकरण आहे. धागाकर्त्याने ते टाळलं हे शहाणपणाचं. नेमणूक कुठे द्यायची हा शासनाचा अधिकार असतो, अमुकच जागा मिळावी असा हक्क कोणालाच नसतो. त्यामुळे उद्दिष्ट ठरवायला कायदा आड येईल असं मला वाटत नाही.

दोन, 'लहान मूल' या पेन्सिलीला मोठा इतिहास आहे. सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला, १९४९ च्या तुकडीच्या. तेव्हाच्या नियमात महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागत असे, आणि संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं तर लग्नानंतर तिला राजीनामा द्यायला सांगता येत असे. बढती डावलल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याचिका चालू असताना सरकारने बढती देऊन टाकली, तरी १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी सुनावलंच, की घरची जबाबदारी बाईच्या कामात येऊ शकते तशी ती पुरुषाच्याही कामात येऊ शकते. तो नियम गेला. पेन्सिल राहिली.

खडूस_काका

वकीलबुवा, निकाल वाचून तालुका चालत नाही. हाताखालचा स्टाफ बाईचं ऐकत नाही ही जमिनीवरची स्थिती आहे. चूक असेल, पण आहे. त्याची किंमत जनतेने का मोजायची?

वकीलबुवा

हाच मुद्दा केंद्र सरकारने सैन्याबाबत मांडला होता: ग्रामीण भागातून आलेले जवान महिला अधिकाऱ्याच्या हुकमाखाली काम करायला मनाने तयार नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये बबिता पुनिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि महिलांना हुकमतीची पदं सरसकट नाकारता येणार नाहीत असं सांगितलं. जवानाला चालतं ते अव्वल कारकुनाला चालेल. नाही चाललं तर शिस्तभंगाचे नियम आहेतच, ते त्याच्यावर लावा. बाईची बदली हा त्यावरचा उपाय कसा?

बांधावरून

एक वेगळा अनुभव आपल्याच देशाने घेतलाय. सरपंचपदाच्या आरक्षित जागा चिठ्ठीने किंवा आळीपाळीने ठरतात, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना करता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती अभ्यासल्या, २००४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. जिथे पद महिलेसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं, कारण गावातल्या बायकांची मागणी तीच होती. म्हणजे खुर्चीवर कोण बसतं याने कामाचा क्रम बदलतो. हा प्रश्न फक्त अधिकाऱ्यांच्या करिअरचा नाही.

जुनी_आस्थापना

सरपंच निवडून येतो, त्याला पाण्यावर मतं मिळतात. तहसीलदाराला पाण्यावर मतं नकोत, त्याला शासन निर्णय राबवायचा असतो. बाई आली म्हणून सातबारा वेगळा निघत नाही, निघूही नये. आणि सरपंचपतीचा विषय मी काढत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

मॅडमच्या पेन्सिलीबद्दल: असं होत असेल, नाकारत नाही. पण एक प्रसंग म्हणजे धोरण नव्हे. बढती नाकारणाऱ्यांच्या यादीचं काय? पदोन्नतीबरोबर महसुली विभाग वाटप येतं. नागपूर विभाग मिळाला की 'वैयक्तिक कारणास्तव नकार'. नकार दिला की पुढची काही वर्षं नाव विचारात घेत नाहीत, आश्वासित प्रगतीचा (ठरावीक वर्षांनी बढतीविना मिळणाऱ्या वरच्या वेतनाचा) लाभही जातो. हे सगळं माहीत असूनही नकार देतात. त्यांना तुम्ही उद्दिष्टात कसं मोजणार?

रजेवरचा_बाप

यावर मी बोलतो. माझी बायको बढतीला नकार देणाऱ्यांपैकी आहे, मीही शासनातच आहे. दोघांच्या बढत्या मागेपुढे आल्या. माझी आली तेव्हा मी परक्या विभागात गेलो, घर तिने ओढलं. तिची आली तेव्हा घर ओढायला मी नव्हतो. तिच्या नकारपत्रावर 'वैयक्तिक कारण' आहे, पण ते वैयक्तिक कारण म्हणजे मी.

आणि याला नियमही हातभार लावतात. राज्यात २०१८ पासून बालसंगोपन रजा मिळते, सबंध सेवेत १८० दिवस. कोणाला? महिलेला. पुरुषाला मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. केंद्रात महिलांना हीच रजा ७३० दिवसांची आहे. हेतू चांगलाच आहे, पण बदली करणाऱ्याच्या डोक्यात यातून काय बसतं? मूल म्हणजे बाईची रजा. बापाला हक्काने अशी रजा मिळू लागली आणि बाप ती घेऊ लागले की पेन्सिल दोन्ही नावांसमोर चालवावी लागेल, नाहीतर कोणासमोरच नाही. मला विचाराल तर एक तृतीयांशाच्या आधी हे करा.

खडूस_काका

म्हणजे आता दोघंही रजेवर. दाखला कोण देणार?

मधली_ओळ

काका, दाखला आता ऑनलाइन मिळतो, तेवढी चिंता सोडा.

बापाच्या रजेशी मी सहमत, पण 'आधी' हा शब्द मान्य नाही. त्या रजेचा परिणाम दिसायला परत पंधरा वर्षं जातील आणि आपण तोवर फोटोच बघत बसू. बांधावरून यांचा मुद्दा मला आवडला, तरी माझा प्रस्ताव त्यावर उभा नाही. महिला अधिकाऱ्याने वेगळं काम करून दाखवलं तरच तिला जागा द्यावी, ही अट पुरुषाला कोणी घातलेली नाही.

मेळघाटात जाणाऱ्या पुरुषाची तक्रार मात्र खरी आहे. त्यावर उत्तर असं की एक तृतीयांश फक्त पुण्या-नाशिकजवळच्या जागांवर मोजायचं नाही, अवघड क्षेत्रातही मोजायचं. आणि विनंतीचा रकाना ठेवा, पण सहीसह. ज्या महिलेने स्वतः लिहून दिलं असेल तिचीच विनंती ग्राह्य. तोंडी विचारणा झाली तर कोणी, कधी, कोणत्या पदासाठी विचारलं आणि उत्तर काय मिळालं, हे नस्तीत यायला हवं. अतिरिक्त कार्यभाराचंही तसंच: दर सहा महिन्यांनी कोणाकडे किती कार्यभार होते ते जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका.

जुनी_आस्थापना

सहीची विनंती ठीक आहे, त्याला माझी हरकत नाही. संकेतस्थळाला आहे. सात वाजता कार्यभार द्यावा लागतो कारण सकाळी आठला मंत्र्यांचा दौरा असतो. तेव्हा जो हाताशी आहे त्यालाच देणार. तुम्ही नंतर यादी प्रसिद्ध केलीत तर जिल्हाधिकारी काय करतील सांगू? कार्यभाराचा आदेशच काढणार नाहीत. तोंडी सांगतील, 'जरा बघून घे.' काम तोच माणूस करील, यादीत काहीच दिसणार नाही.

तालुक्याची_मॅडम

साहेब, आदेश नसेल तर त्याला त्या कार्यालयाच्या धनादेशावर सही करता येणार नाही. एका महिन्यात आदेश निघेल, आणि निघेल तेव्हा दिवसाच्या वेळेत निघेल.