बाळ येण्याआधीच सांगून ठेवावे असे काही

ब-३०२ : नमस्कार. आपल्या इमारतीत दोन घरी लवकरच बाळ येणार आहे. प्रसूतिकक्षातील परिचारिका या नात्याने लिहिते. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे, हे आशाताईंपासून जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत सगळे सांगतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ८९ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच होती. त्या तासात आई थकलेली असते, टाके घालणे चालू असते आणि दुपट्यात गुंडाळलेले बाळ बाहेर नातेवाइकांच्या हाती गेलेले असते. म्हणून हे बोलणे आठव्या महिन्यातच, तेही सासूबाई, आई आणि नवरा यांना शेजारी बसवून व्हावे, असे मला कळकळीने वाटते.

अ-१०४ : ताई, आमच्या सुनेचे सिझेरियन ठरले आहे. दूध तिसऱ्या दिवशी उतरते, असेच आम्ही पाहत आलो. तोवर बाळाला उपाशी ठेवायचे का? आमच्याकडे मधाचे बोट चाटवतात.

ब-३०२ : काकू, तुमची काळजी रास्त आहे. पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीक येतो. तो एका वेळी चमचाभरच असला, तरी पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच असते आणि रोगांशी लढण्याची शक्ती त्यातूनच मिळते. तो पिळून टाकू नये. बाळ जितके ओढेल तितके दूध लवकर उतरते, आणि वरचे काही पाजले की पोट भरून ते पेंगते. मध तर वर्षभर नकोच, कारण त्यातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. सिझेरियनमध्ये बहुधा कमरेत सुई देऊन भूल देतात, म्हणजे आई शुद्धीवर असते. परिचारिकेने बाळ आडवे धरून दिले तर तिला तिथेच पाजता येते. हे डॉक्टरांशी आधी बोलून केसपेपरवर लिहून घ्यावे.

क-२०१ : आम्हा नवरेमंडळींनी काय करावे?

ब-३०२ : बाळ बाहेर आणले, की फोटो आणि व्हिडिओ कॉल थांबवून ते आईकडे कधी नेणार, हे विचारावे. तिच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घातले, की त्याला ऊब मिळते आणि ते स्वतःच दूध शोधू लागते. पाजताना तोंडात नुसते स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळसर भागही जायला हवा. नाहीतर आईला चिरा पडतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल, तर डॉक्टरांचाच शब्द ऐकावा. मात्र चीक वाटीत काढून चमच्याने देता येईल का, हे त्यांना जरूर विचारावे.