१७ विरुद्ध ४ नं पास झालेला ठराव बेकायदा असू शकतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापुरात विजापूर रोडला आमची २१ घरांची सोसायटी. मी यंदाचा सेक्रेटरी, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बाकी बोअर आणि टँकर.

रविवारी सभेत ठराव झाला : भाडेकरू असलेल्या चार घरांचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह एक दिवसाआड बंद. विरोधात चार मतं, त्या चार घरमालकांचीच. ज्यांचं पाणी जाणार त्यांना मतच नाही. ते जिन्यात उभं राहून ऐकत होते. एकीच्या कडेवर तान्हं बाळ.

मी म्हटलं, चेअरमनकाका, बहुमत म्हणजे सगळं नव्हे. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ ला सुप्रीम कोर्टानं खुद्द संसदेला सांगितलं, घटनादुरुस्ती करा, पण मूलभूत चौकटीला हात लावू नका. काका हसले. "मालक, तो निकाल तरी कसा लागला? १३ पैकी ७! तेपण बहुमतच की." सभा हसली, मी गप्प. घरी जिना चढताना सुचलं, त्या सातांपैकी कुणी स्वतःच्या टाकीसाठी हात वर केला नव्हता. पण तेव्हा काय उपयोग!

आता खरी अडचण. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचे, आणि सोसायटी म्हणजे सरकार नव्हे. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा 'सभासद फक्त पारशी' हा उपविधी (सोसायटीचा स्वतःचा नियम) चालवून घेतला. उलट २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टानं घटनेच्या कलम २१ च्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या आधारे अनधिकृत झोपड्यांनाही पाणी द्यायला सांगितलं, पण ते महापालिकेला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ पाणी तोडण्यापासून घरमालकाला अडवतं. इथं तोडणार सोसायटी, मालक तर विरोधात!

माझा आधार एवढाच, की सोसायटी १९६० च्या सहकार कायद्यातून जन्मली, त्यामुळे सर्वसाधारण सभेलाही कायदा आणि उपविधी ओलांडता येऊ नयेत. मग जायचं कुठं, उपनिबंधकांकडे की कलम ९१ खाली सहकार न्यायालयात? भाडेकरू स्वतः जाऊ शकतात का? आणि इतिवृत्तात ठरावाखाली सेक्रेटरीला आपली हरकत लिहिता येते का?

कुणी असं प्रकरण हाताळलं असेल तर जरा लवकर सांगा. इतिवृत्ताच्या वहीवर अजून सही केलेली नाही. कुलूप मात्र आणून झालंय, किल्ली माझ्याच खिशात आहे आणि सोमवारपासून लावायचंय.