मंगळावरच्या रोव्हरला १९९८ चा मेंदू कशाला?

खटपट्या:
नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर २०२१ मध्ये मंगळावर उतरला, पण त्याचा मुख्य संगणक रॅड७५०, म्हणजे किरणोत्सर्ग सोसणाऱ्या दणकट चिपेचा. वेग जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी. मूळ आराखडा पॉवरपीसी ७५० या चिपेचा, म्हणजे ॲपलच्या १९९८ च्या आयमॅकमधला! त्याच्याच पोटाखालून गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मात्र मोबाइलमधली स्नॅपड्रॅगन ८०१ चिप आणि लिनक्स. पाच उड्डाणं ठरली होती, झाली ७२. साध्या चिपा किरणोत्सर्गात टिकत नाहीत, हा बागुलबुवा अजून किती दिवस दाखवणार?

सावधचित्त:
बागुलबुवा नाही हो. वैश्विक किरणांतला एखादा कण मेमरीतल्या शून्याचा एक करून जातो, आणि तिथे रीस्टार्टचं बटण दाबायला कोणी नाही. हेलिकॉप्टर हा प्रयोग होता, आपटलं असतं तरी मोहीम चालूच राहिली असती. शिवाय उड्डाणाचा सगळा भार एकट्या त्या फोनच्या चिपवर नव्हता. प्रत्यक्ष उड्डाण सांभाळायला मोटारगाड्यांत वापरतात तसले दोन मायक्रोकंट्रोलर (एका चिपेत मावणारे छोटे संगणक) होते, एक बिघडला तर दुसरा. आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला किरणोत्सर्ग सोसणारी एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप.

खटपट्या:
म्हणजे साध्या चिपा जोडीने लावल्या की काम भागतं, हे तुम्हीच म्हणताय. बरं, दणकट चिपेने तरी काय वाचवलं? जानेवारी २००४ मध्ये मंगळावरचा स्पिरिट रोव्हर साठहून जास्त वेळा आपोआप रीबूट होत राहिला. कण-बिण काही नाही, फ्लॅशवरच्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या) फायली सांभाळताना रॅम पुरेना! फ्लॅशला हात न लावता सुरू हो, असा आदेश पाठवला तेव्हा कुठे ताळ्यावर आला.

काठावरचा:
स्पिरिटचं उदाहरण इथे लागू नाही, ती सॉफ्टवेअरची चूक होती. २०१३ चं क्युरिऑसिटी रोव्हरचं घ्या. मेमरीत बिघाड झाला आणि त्याच्यातल्या जोडीच्या संगणकांपैकी ‘अ’ वरून ‘ब’ वर जावं लागलं. दणकटपणा हवाच, पण जोडीदारही हवा.
मला खरी अडचण वेगाची वाटते. संदेश एका बाजूने पोचायलाच ३ ते २२ मिनिटं, म्हणून दगड-खड्डे रोव्हरनेच ओळखायचे. क्युरिऑसिटी त्यासाठी थांबून विचार करायचा. पर्सिव्हरन्सला चित्रं तपासायला वेगळा संगणक दिलाय, त्यामुळे तो चालता चालता वाट शोधतो.

खटपट्या:
हेच तर मी सांगतोय! जड कामाला नवी यंत्रणा आणा.

सावधचित्त:
त्या वेगळ्या संगणकातही रॅड७५० च आहे, आणि सोबतची एफपीजीए किरणोत्सर्ग झेलणाऱ्या जातीची. फोनची चिप कुठे दिसली तुम्हाला?